शेंडी काढलेला नारळ

या चटणीला चूल लागत नाही, फोडणी लागत नाही, काही भाजावंही लागत नाही. म्हणून ती करणं सोपं, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आमच्या घरी अठरा वर्षं राहून दाखवावं.

करायचं एवढंच. सुक्या लाल मिरच्या साध्या पाण्यात तासभर भिजवायच्या. पाट्यावर आधी मिरची आणि जाडं मीठ घ्यायचं. त्याचा लगदा झाला की एक कांदा ठेचायचा, पार बारीक नाही. मग ओलं खोबरं. ते वाटायचं नाही, वरवंट्यानं नुसतं दाबायचं, दूध सुटून बोटांना लागेपर्यंत. शेवटी लिंबू पिळून हातानं कालवायचं. माझी आई सिरोंच्याला अशीच करते. गोदावरीच्या पलीकडून नारळाची पोती येतात, त्यामुळे आमच्याकडे नारळ ही कांद्याबटाट्यासारखी खायची वस्तू. शेजारपाजार अर्धा तेलुगू बोलणारा, तेही हेच खातात. भात, वरण आणि ही चटणी असली की माझ्या वडिलांना भाजीची आठवण होत नसे.

माझं सासर मोहर्लीच्या अलीकडचं गाव. नवरा वाघ पाहायला येणाऱ्यांची गाडी चालवतो. माहेर बौद्ध, सासरही बौद्ध, लग्न विहारात झालं, अडायला काही कारणच नव्हतं. तरी नारळावर अडलं.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन आले तेव्हा आईनं पिशवीत चार नारळ घातले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सासू शेतात गेलेली. सासूला आमच्या घरी सगळे बाई म्हणतात, मीही बाईच म्हणते. मी न्हाले, ओले केस तसेच मोकळे सोडले आणि म्हटलं आज या लोकांना चटणी खाऊ घालू. कोयता कुठे ठेवतात ते मला ठाऊक नव्हतं. घरात कडक दगड म्हणजे दाराची पायरी. मी पायरीवर बसले, शेंडीसकट नारळ उचलला आणि आपटला. पाणी उंबऱ्यावर सांडलं.

आता तुम्हीच बघा. नवी सून, सकाळची वेळ, ओले केस, तोंड पूर्वेला, शेंडीचा नारळ, दाराची पायरी. आणि समोरून शेजारीण पाण्याला चाललेली. ती थांबली, हसली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काऊन व, कोणत्या देवाचा नवस फेडून राह्यली?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कारण माझी सासू म्हणजे गावातल्या विहाराच्या बायकांची पुढारी. दर पौर्णिमेला वंदना घेणारी. कुणाच्या घरी चोरून नवस बोलला, कुणी अंगात आणलं, कुणी लिंबू कापलं की ही त्या दारात जाऊन उभी राहणार आणि सगळ्यांसमोर जाब विचारणार. तिच्याच पायरीवर नारळ फुटला ही बातमी ती शेतातून यायच्या आत वाटेतच तिला भेटली.

ती आली. मला काही विचारलं नाही. मी खोबरं काढून ताटलीत ठेवलं होतं. तिनं ताटली उचलली, मागच्या उकिरड्यावर नेऊन पालथी केली, उरलेले तीन नारळ एकेक करून तिथेच फेकले आणि पायरी शेणानं सारवून घेतली. मग म्हणाली, "माह्या घरात नारळ फुटणार नाई. तुह्या मायले सांगून दे."

मी म्हटलं, "बाई, चटणी करत होती."

"चटणीले दुनियेत दुसरं काही नाई काय?"

महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. मला आईची आठवण येत होती, त्या चार नारळांची जास्त येत होती. उकिरड्यावर डुकरं आली तेव्हा मी मागच्या दाराशी उभी राहून बघत होते. तो राग मी जपून ठेवला, त्याला अठरा वर्षं खतपाणी घातलं, आणि तो चांगला वाढला.

गंमत म्हणजे सुकं खोबरं या घरात चालायचं. रश्श्याच्या वाटणात किराण्यातली खोबऱ्याची वाटी भाजून पडायची, बाई मिटक्या मारत जेवायची. एकदा मी विचारलं, "वाळलं की त्याचा देव उडून जाते काय?" तिनं पळी हातात धरूनच माझ्याकडे पाहिलं. "त्याले शेंडी नाई," म्हणाली. असा तिचा हिशेब. मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, जाऊ दे ना, नारळाशिवाय काय मरून राह्यली तू. माझा नवरा वाघाच्या चार हातांवर गाडी नेतो, आईच्या चार हातांवर जायला त्याचे पाय लटपटतात.

मग मला मोहर्लीच्या गेटजवळच्या एका रिसॉर्टात स्वयंपाकाचं काम लागलं. तिथे पाहुण्यांना गावरान जेवण पाहिजे असतं, म्हणजे पानावर वाढलेलं आणि फोटोत चांगलं दिसणारं. तिथे मी माझी चटणी करायला लागले. पाहुणे डोळ्यांतून पाणी काढत खायचे आणि कशाची म्हणून विचारायचे. परक्यांना वाटी वाटी चटणी वाढायची आणि घरी येऊन हाताला खोबऱ्याचा वास राहू नये म्हणून साबणानं हात घासायचे. या वयात, स्वतःच्या घरात जाताना चोरासारखे हात धुवायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मागच्या वर्षी बाईला खोकला धरला. तिनं तो तीन महिने दडवला, आम्ही धूर-धूळ म्हणत राहिलो, आणि शेवटी चंद्रपूरला नेलं तेव्हा टीबी निघाला. सहा महिने गोळ्या. सरकारी दवाखान्याची आशाताई गोळ्या आणून द्यायची आणि दर वेळी तेच बजावायची: गोळी चुकली की रोग माजतो, मग साधं औषध लागू पडत नाही. आणि गोळी रिकाम्या पोटी टिकत नाही, उलटते. म्हणजे सगळं येऊन ठेपलं जेवणावर. आणि बाई जेवेना.

गोळ्यांनी तिच्या जिभेची चवच गेली होती. भात म्हणे माती, वरण म्हणे चुन्याचं पाणी. मी अंडं उकडलं, मासोळी केली, खिचडी केली, सगळं दोन घासांत बाजूला. हातापायाच्या काड्या झाल्या. गोळी गेली की पाठोपाठ बादली. डॉक्टर म्हणाला, वजन असंच उतरत गेलं तर पुढचं मी सांगू शकत नाही. नवरा ते ऐकून बाहेर जाऊन उभा राहिला. मी आत होते, मी ऐकलं.

ओसरीवर तिची खाट टाकली होती. सुरुवातीचे काही आठवडे ताटवाटी वेगळी ठेवा, तोंडाला फडकं बांधा, असं सांगितलं होतं ते मी केलं. दोन महिन्यांनी डॉक्टरनं सांगितलं, आता हिच्यापासून लागण होत नाही, जवळ बसा, बोला. ते मात्र मी केलं नाही. उंबऱ्यात उभी राहून ताट खाली ठेवायचे आणि पायानं खाटेकडे सरकवायचे. खोटं कशाला सांगू, भीतीनं नाही. वाकून तिच्या हातात ताट द्यायला माझं मन तयार नव्हतं. जिनं माझ्या आईचे नारळ डुकरांना घातले तिची सेवा मी करत होते, एवढं पुरे होतं. ती खाटेवरून खाली वाकायची, ताट ओढून घ्यायची. 

एक मात्र झालं. बाई खाटेला लागली तसं स्वयंपाकघर माझं झालं. मी रिसॉर्टातून एक नारळ आणला, आतल्या खोलीत बसून कोयत्याच्या पाठीनं फोडला आणि अठरा वर्षांनी या घरात माझी चटणी वाटली. फक्त माझ्यासाठी. ती खाणार नाही, म्हणूनच.

पाट्याचा आवाज कसा लपणार. ओसरीवरून हाक आली, "काय वाटून राह्यली व?"

"भिजल्या शेंगदाण्याची चटणी."

"वास चांगला येऊन राह्यला. मले दे थोडी."

तीन महिन्यांत तिनं स्वतःहून काही मागितलं ते हे पहिल्यांदा. मी दारात उभी राहिले. देऊ नये असं वाटलं आणि फसवावं असंही वाटलं. शेवटी ताटात भात, वरण आणि एका बाजूला ती लाल चटणी घातली आणि ताट सरकवलं. तिनं बोटानं चाटली. मग भातात कालवली. सगळा भात संपला. वर म्हणाली, "मिरची झोंबते, तेवढंच तोंडाले समजून राह्यलं." गोळी घेतली. मी बादली घेऊन उभी होते, तिची गरज पडली नाही.

आठ दिवस असंच चाललं. मी रोज चोरून नारळ आणायचे, ती रोज शेंगदाण्याची चटणी म्हणून खायची. आवाजात थोडा दम आला, खाटेवरून उठून अंगणात पाच पावलं चालू लागली. नवरा म्हणाला, तुझ्या हाताला गुण आहे. मी मनात हसत होते. तिचं पोट भरतंय म्हणून हसत होते असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण खरं म्हणजे तिची टेक माझ्या पाट्यावर रोज वाटली जातेय आणि तिला पत्ता नाही, याचं हसू यायचं.

नवव्या दिवशी शेजारीण तिला पाहायला आली. तीच, नवसवाली. आता केस पिकले तरी आवाज तोच. दोघी बोलत बसल्या, मी आत पीठ मळत होते. बाईला बरं वाटत होतं, म्हणून तिला जुन्या गोष्टी आठवायला लागल्या. "हिनं आल्या आल्या माह्या दारात नारळ फोडला होता, याद हाय ना तुले?" आणि दोघी हसल्या. "अडाणी त अडाणी, समज कुठी होती तिले. म्या सारवून घेतलं, म्हणून घर राह्यलं."

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी पिठाच्या हातानंच बाहेर आले.

"बाई, अन् आठ दिवस झाले, तुम्ही काय खाऊन राह्यल्या? तो शेंगदाणा नाही. नारळ होता. शेंडीवाला. याच घरात फोडला, रोज एक."

शेजारणीनं तोंडाला पदर लावला. अठरा वर्षांपूर्वी माझ्यावर जे हसू तिनं गल्लीभर नेलं होतं, तेच आता बाईचं घेऊन ती लगबगीनं उठली आणि निघून गेली. बाई खाटेवर आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, फिटलं. तेवढा वेळ मला फार बरं वाटलं, सांगून ठेवते.

संध्याकाळचं ताट तसंच परत आलं. दुसऱ्या दिवशी सकाळचंही. मी भाजी बदलली, चटणी काढून टाकली, ताट घासून दिलं. ती हात लावेना. तिच्या पोरानं समजावलं, आशाताईनं दटावलं, तिनं नुसत्या पाण्याबरोबर गोळी घेतली आणि दोन्ही दिवस ती बादलीत गेली. आशाताईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, अशा गोळ्या वाया जात राहिल्या तर म्हातारी हातची जाईल. नवरा मला म्हणाला, "तू काऊन बोलली?" बस, एवढंच. मी म्हटलं, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुमच्या आईचा. पण भीती मलाही वाटत होती.

तिसऱ्या दिवशी मी उंबऱ्यात उभी राहून ताट खाली ठेवलं आणि पायानं सरकवलं.

"थांब," ती म्हणाली. भिंतीकडेच तोंड होतं. "मी सात-आठ वर्साची असन. माह्या बापानं घरातले सगळे देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले होते. पण माह्या आजीचं मन नाई निंगे. भावाले ताप भरला, त आजीनं बापाच्या चोरून नारळ घेतला अन् मले संग नेलं. आमाले देवळाच्या पायरीखाली उभं राहा लागे. नारळ दगडावर ठेवाचा अन् मांगं सरकाचं. पुजाऱ्यानं त्याच्यावर पाणी टाकलं, मंग उचलला, फोडला, एक वाटी ठेवली, एक आमच्याकडे फेकली. आजीनं पदर पसरला होता. पदरात नाई पडली. मातीत पडली, माह्या पायापाशी. आजी म्हणे, उचल. म्या उचलली, फुंकली अन् खाल्ली. दाताखाली माती लागे."

ती खोकली. मी पाणी आणायला वळले तर तिनं हातानंच थांबवलं.

"बापाले मालूम पडलं. मले वाटलं मारते. मारलं नाई. रडला. बापाले रडताना म्या तेवढं एकडावच पाह्यलं. म्हणून माह्या घरात नारळ नाई. देवाचं भेव नाई मले, देव त गेला नदीत."

मग तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"हे तुले कधी सांगितलं नसतं. पण तू रोज तसंच ताट टाकून राह्यली. तो पुजारी बी लांबूनच टाके. पण तो हातानं फेके. तू त पायानं."

मला लाज वाटली. सरळ सांगते, फार वाटली. मी वाकले, ताट उचललं आणि आत गेले. चुलीपाशी बसून रडले. तिच्यासाठी किती आणि माझ्यासाठी किती, ते मला वेगळं करता आलं नाही. राग गेला नव्हता. माझ्या आईच्या नारळांनी तिचं काय बिघडवलं होतं? ते कुणी फेकलेले नव्हते. आईनं निवडून पिशवीत घातले होते. हे मला तिला ओरडून सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नारळ घेऊन आले आणि या वेळी लपवला नाही. कोयता घेतला, ओसरीवर तिच्या खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसले. तिनं पाहिलं. मी म्हटलं, "बाई, हा कुठल्या देवाचा नाही. माझ्या मायच्या गावी रोजच्या जेवणात असते, खायचा हाय. तुम्ही सांगा कसा फोडू. तुमच्या सांगण्यानं फोडते. पण फोडणार."

तिनं नारळाच्या शेंडीकडे बोट दाखवलं.

"आधी शेंडी काढ," म्हणाली.

मी शेंडी ओढून काढली, सगळे धागे सोलले, नारळ गुळगुळीत केला. त्याचे तिन्ही डोळे उघडे पडले, कवठ असावं तसं साधं फळ दिसायला लागलं.

"पायरीवर नको. मोरीत फोड."

मोरी ओसरीच्या टोकालाच आहे. तिथे बसून कोयत्याच्या पाठीनं तीन घाव घातले. पाणी पेल्यात धरलं.

"हे काय करू?"

"प्या लागते, दुसरं काय करशीन. अर्धं तू पे."

मी अर्धं प्याले, अर्धं तिला दिलं. मग नारळाची एक वाटी घेऊन तिच्याजवळ गेले. तिनं दोन्ही हात पुढे केले. मी वाटी तिच्या हातांत ठेवली, ठेवल्यावर सोडली. तिनं ती उलटीपालटी करून पाहिली, आतून बोट फिरवलं, माती लागते का पाहावं तसं. मग माझ्या हातात परत दिली.

"वाट आता. अन् मिरचीले हात आखडू नको."

मी पाटा ओसरीवर आणला, तिच्या देखत वाटलं. भात वाढला, चटणी वाढली, ताट तिच्या हातात दिलं. तिनं पहिला घास उचलला आणि थांबली.

"तिले बलाव."

"कोणाले?"

"शेजारणीले. गावभर सांगून राह्यली ना. बलाव."

मी हाक मारली. शेजारीण आली, अंगणातच उभी राहिली. बाईनं तिच्याकडे बघत बघत सगळा भात संपवला. घाईनं नाही, एकेक घास चावून. मग बोटं चाटली. "हा नारळ हाय," म्हणाली. "माह्या सुनेनं माह्या सांगण्यावरून फोडला, मोरीत. आता जा, सांग." त्या दिवशीची गोळी टिकली. पुढच्याही टिकल्या. सहा महिने पूर्ण झाले, तपासणी स्वच्छ आली.

तुम्हाला वाटेल आम्ही आता मायलेकी झालो. कशाच्या मायलेकी. काल तिनं माझ्या भाताला गोळा म्हटलं आणि मी तिला म्हटलं, मग करून खा. माझ्या आईचे ते चार नारळ फेकले ते चुकलं, असं ती आजपर्यंत म्हणाली नाही. मीही ताटाबद्दल काही म्हटलेलं नाही. भांडण रोज आहे, खोकला गेल्यापासून तिचा आवाज परत गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू जातो.

पण जेवायची वेळ झाली की ती खाटेवर बसते आणि दोन्ही हात पुढे करते. मी कामाच्या घाईत ताट तिच्यासमोर खाली ठेवलं, अगदी हातानं, अगदी जवळ, तरी ती शिवत नाही. भात गार होईपर्यंत हात तसेच धरून बसते. मग मला चुलीवरचं सोडून यावं लागतं, वाकावं लागतं, ते ताट उचलून तिच्या हातात द्यावं लागतं. मी देते.